कालच्यापेक्षा आज किती

मित्रांनो, मी एक जुना वजनकाटा आहे. आपली स्तुती आपण करू नये म्हणतात, पण परदेशी जाणारी द्राक्षं मी तोललेली आहेत. दिंडोरीजवळच्या एका पॅकहाऊसमध्ये माझी नोकरी होती. डबीत पाचशे ग्रॅम भरले की डबी पुढे जायची. प्रतिभाताई माझ्यासमोर आठ हंगाम बसल्या. नवे काटे आले आणि मी भंगारात निघालो, तेव्हा त्या म्हणाल्या, "हा खोटं बोलत नाही. मी नेते घरी."

असा मी इंदिरानगरात आलो. पहिल्याच दिवशी माझ्या ताटलीत मांजराचं पिल्लू ठेवलं. खरं सांगतो, मला अपमान वाटला. ताई पर्शियन मांजरी पाळतात, वर्षाला एकच वेत घेतात आणि पिल्लांची वजनं रोज वहीत लिहितात. हळूहळू कळलं, इथे पाचशेचा हिशेब नाही. इथे एकच सवाल असतो, कालच्यापेक्षा आज किती. त्याचं उत्तर घरात फक्त मला देता येतं.

गेल्या वर्षी शेजारचा रय्यान आला. त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे.

"ताई, एक जोडी द्या. मीपण ब्रीडिंग सुरू करतो. मांजरं काय, आपोआप वाढतात."

उचलली जीभ, लावली टाळ्याला. ताई हसल्या. "राणी या आठवड्यात विणार आहे. तिची पिल्लं दहा दिवस तू तोल. मग बोलू."

चार पिल्लं झाली. धाकटी अठ्ठ्याऐंशी ग्रॅमची, दुसऱ्या दिवशी ब्याण्णव. तिसऱ्या दिवशी सकाळी रय्यानला दुकानाची घाई होती. त्याने मला चालूसुद्धा केलं नाही. वहीत मात्र चारही आकडे लिहिले, धाकटीपुढे एकशे दोन. मला भयंकर राग आला, पण काट्याला ओरडता येत नाही.

दुपारी ताईंना धाकटी गार लागली. त्यांनी तिला माझ्यावर ठेवलं. चौऱ्याऐंशी. मला शून्यावर आणून पुन्हा ठेवलं. चौऱ्याऐंशीच. मग त्यांनी संशय माझ्यावर न घेता वहीवर घेतला, आणि रय्यानला बोलावलं.

"अंदाजाने लिहिलं, ताई. बाकीची वाढत होती म्हणून..."

ताई पिल्लाला ऊब देत होत्या. "मांजर अडली तर ऑपरेशन करणारा डॉक्टर ठाऊक आहे तुला? पर्शियनांत किडनीचा आजार आईबापाकडून पिल्लांत उतरतो, त्यांची तपासणी करशील? कोणी नेलं नाही तर चारही जन्मभर सांभाळशील?"

तो पिल्लापाशी येऊन बसला. मग म्हणाला, "दूध मी पाजतो."

डॉक्टरांना विचारून तो दर दोन तासांनी थेंब थेंब दूध पाजू लागला. चार दिवस त्याचं दुकान बंद होतं. आणि एका सकाळी मी सत्त्याऐंशी दाखवले. पाचशे हा आकडा मी लाखो वेळा दाखवला असेन, पण एवढा अभिमान मला कधीच वाटला नव्हता.

तीन महिन्यांनी ताईंनी विचारलं, "बोल, जोडी हवी?"

"नको, ताई. ही एकटीच द्या. मोठी झाली की नसबंदी करून घेतो."

तेव्हा धाकटी माझ्या ताटलीत मावत नव्हती.

मित्रांनो, आता माझ्या कोपऱ्यांना गंज चढला आहे. मला जपा असं मी म्हणत नाही. पण कोणाला जन्माला घालायचा विचार मनात आलाच, तर रोज खरा आकडा बघायची तयारी आहे का, ते आधी स्वतःला विचारा. ताईंच्या वहीत तो एकशे दोन अजून आहे. रय्यानने तो खोडला नाही. त्यापुढे त्याने स्वतःच्या हाताने लिहिलं आहे, 'न तोलता'.