हळदीचं पीतांबर

बिबवेवाडीतल्या त्या गल्लीत गणपतीच्या आधी जी काही चर्चा चालली होती, ती ऐकून एखाद्याला वाटलं असतं, इथे निवडणूक लागली आहे. तसं काही नव्हतं. यंदा प्लास्टिक नाही, थर्माकोल नाही, पीओपी नाही, असं गल्लीतल्या दुकानदारांनी ठरवलं होतं, एवढंच. पिको-फॉलवाल्या परवीनने प्लास्टिकच्या तोरणांना रजा देऊन कापडी तोरणं शिवली. कोपऱ्यावरचा मिठाईवाला पळसाच्या द्रोणात मोदक द्यायला लागला आणि द्रोण गळतात म्हणून गिऱ्हाइकांची बोलणी खायला लागला. आणि शर्मिलाने आपल्या मूर्तींच्या दुकानाबाहेर पाटी लावली: ‘शाडूचे गणपती. रंग हळदीचे, गेरूचे, काजळीचे. रासायनिक रंगाचा थेंबही नाही.’

दुकान तिच्या सासऱ्यांचं, महिपतीअण्णांचं. अण्णांची हयात पीओपीचे गणपती विकण्यात गेली. पाटी वाचून ते म्हणाले, “तुझ्या लग्नाचा मांडव पीओपीवरच उभा राहिला होता, बरं का.” पण शर्मिलाही हटून बसली. गेल्या वर्षी विसर्जनानंतर हौदातून काढलेल्या मूर्ती ट्रकमध्ये चढवताना तिने पाहिल्या होत्या. हात तुटलेला, रंग उडालेला, पण विरघळायचं नाव नाही असा एक गणपती त्यात होता. मुकुटावरची नक्षी तिने स्वतः रंगवलेली. ओळखला तिने लगेच, आणि मग दोन घास धड गिळवले नाहीत.

शेवटी अण्णा म्हणाले, “एक वर्ष देतो. पण एक जरी गणपती परत आला, तर पुढच्या वर्षी पुन्हा पीओपी. मग डोळ्यांतून पाणी काढायचं नाही.”

तिने मान्य केलं. न करून सांगते कुणाला?

मूर्ती सुरेख झाल्या. रंगही जमले. हळद डिंकाच्या पाण्यात कालवून तिने आधी शाडूच्या एका गोळ्यावर लावून पाहिली होती. काय पिवळाधमक रंग आला होता! पण बाईला हौस दांडगी. खाली पांढरं अस्तर दिलं तर पीतांबर आणखी उठून दिसेल, असं तिच्या मनाने घेतलं. विकतचं अस्तर लावायचं नाही, मग घरगुती पांढरं काय? तर चुना! तिने सगळ्या मूर्तींना चुना दिला, सुकवला, आणि हरतालिकेच्या आदल्या दिवशी सकाळी बसून एकेकाला हळदीचं पीतांबर नेसवलं. दुपारी शटर ओढून जेवायला घरी गेली. निवांत जेवली, वर एक डुलकीही काढली.

चार वाजता शटर वर केलं आणि तिच्या तोंडचं पाणीच पळालं. हळद वाळता वाळता खालचा चुना तिच्यात मुरला होता. एका ओळीत बसलेल्या सगळ्या गणपतींची पीतांबरं लाल! कुठे कुंकवासारखी, कुठे विटकरी.

शर्मिलाने परवीनला हाक मारली. ती धावत आली, बघतच राहिली आणि म्हणाली, “अगं बाई, हळदीत चुना? कुंकू दुसरं कसं करतात? तू तर सगळ्या देवांना कुंकवात घोळवलंस!”

“मला काय माहीत नाही?” शर्मिला रडकुंडीला आली होती. “आयुष्यभर माहीत आहे. ऐन वेळी आठवलं नाही, त्याला काय करू?”

मूर्तींबरोबर तिने शाडूच्या एका गोळ्यालाही चुना आणि हळद लावली होती, त्यावर लिंबू पिळून पाहिलं. रंग पिवळा झाला खरा, पण चुना फसफसला आणि रंगाचे पोपडे निघाले. तो उपाय तिथेच संपला.

तेवढ्यात अण्णा आले. त्यांनी चष्मा लावून एकेक मूर्ती पाहिली. आता उद्धार होणार! पण अण्णा शांतपणे म्हणाले, “माळ्यावर पिवळ्या ऑइलपेंटचा डबा आहे. एकेक हात मार. उद्या सकाळपर्यंत वाळेल. कुणाच्या बापाला कळणार नाही.”

खोटं कशाला सांगा, तिचं मन डळमळलं. शिडी लावून ती माळ्यापर्यंत चढलीसुद्धा. डबा हातात घेतला. वरून तिला पाटीची मागची कोरी बाजू दिसत होती. पुढे काय लिहिलंय ते पाठच होतं. तिने डबा जागेवर ठेवला आणि रिकाम्या हातांनी उतरली.

“नाही अण्णा. लोकांना खरं काय ते सांगते. ज्याला नको, त्याने नेऊ नये.”

“मग परत आले तर?”

“तर तुमचा शब्द तुमच्यापाशी आणि माझा माझ्यापाशी.”

परवीनने तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, “उद्या माझं दुकान बंद. मी इथे बसते. एकटीने किती जणांना तोंड देशील?” शर्मिलाला तिला मिठीच मारावीशी वाटली, आणि तिने मारलीही.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून गिऱ्हाइकं ताम्हन, पाट, रुमाल घेऊन हजर. प्रत्येकाला शर्मिला आधी चूक सांगायची, मग मूर्ती दाखवायची. एका आजींनी हातच जोडले. “देवाच्या अंगावर कुंकू, मग बिघडलं कुठे?” कॉलेजमधली एक मुलगी म्हणाली, “सो क्यूट! फोटो काढू?” एक गृहस्थ म्हणाले, “चूक कबूल करणारा दुकानदार पुण्यात? आधी तुमचाच फोटो काढतो.” परवीन हसून हसून बेजार. एकेक मूर्ती रुमालाखाली जात होती आणि शर्मिलाचा जीव थोडाथोडा भांड्यात पडत होता. लोक किती चांगले असतात, या विचाराने तिला सारखं भरून येत होतं.

दिवेलागणीला एकच गणपती उरला. तो गल्लीतल्या बद्रीनाथकाकांनी आधीच नोंदवून ठेवलेला. काका आले, चूक ऐकून घेतली, मूर्ती निरखून पाहिली.

“शर्मिला, तू खरं सांगितलंस, बरं वाटलं,” ते सावकाश म्हणाले. “पण आमच्या घरी पिवळंच पीतांबर लागतं. आईची शिस्त आहे, आणि ती नव्वदीची आहे. तिला मी काय सांगू? मला नाही नेता यायचा.”

त्यांचंही चूक नव्हतं. शर्मिलाने मान हलवली. परवीन काहीतरी बोलायला गेली, तिला तिने हातानेच थांबवलं. शब्द दिलेला होता. एक गणपती परत आला होता. एकच, पण अण्णांनी एकच म्हटलं होतं. ट्रकमधली ती तुटक्या हाताची मूर्ती तिच्या डोळ्यांसमोर आली आणि तिने पदर तोंडाला लावला.

गल्ल्यावर बसलेले अण्णा उठले. खुंटीवरची टोपी घातली, खिशातून रुमाल काढला, झटकला आणि त्या लाल पीतांबराच्या गणपतीवर घातला.

“अण्णा?”

“घरी पाट मांडलाय. त्यावर काय मी बसू?”

“पण घरचा गणपती तर तुम्ही मंडईतून…”

“दरवर्षी आणतो, विकायच्या मालातला देव घरी नको म्हणून. यंदा गेलो नाही.” अण्णांनी मूर्ती दोन्ही हातांनी उचलली. शाडूचं वजन त्यांना नवीन होतं. जरा वाकले, मग सावरले. “हा परत आलेला नाही. हा माझा आहे. कळलं? बद्रीनाथ, तुला पिवळं पीतांबर हवं ना, चल, मी येतो तुझ्याबरोबर, दुसरा बघू.”

शर्मिलाला हुंदका आवरेना. ती वाकली आणि भर दुकानात त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. “अण्णा, फार मोठं केलंत हो माझ्यासाठी.”

“ऊठ, ऊठ. हातात देव आहे माझ्या, पाडशील.” अण्णा पायरी उतरले आणि मागे न बघता म्हणाले, “आणि पुढच्या वर्षी अस्तराला खडू घे. चुना नको.”