भोवऱ्याचे पाय

पोहणाऱ्या पक्ष्याचे पाय बघायला बसलेल्या बाईला लोकांनी वेडी म्हटलं, तर त्यात लोकांचं काय चुकलं? बर्फाच्या कारखान्यामागच्या तळ्याकाठी ती तीन दिवस सकाळी सहापासून स्टुलावर बसत होती. पुढे स्टँडवर कॅमेरा, आणि समोर तो मुठीएवढा पक्षी स्वतःभोवती गरागरा फिरत पाण्यातले किडे टिपत होता. पुस्तकात त्याला भलंमोठं नाव आहे, पण पक्षी बघणाऱ्यांच्या गटात सगळे त्याला भोवऱ्याच म्हणत. समुद्रावरचा जीव. इतक्या आत, तेही तिच्या घरापासून दोन गल्ल्यांवर, तो वाट चुकूनच आला होता.

नऊ वर्षांपूर्वी असाच एक भोवऱ्या दादाने पाहिला होता. दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ, तिच्या हातात पहिली दुर्बीण देणारा. पाहिला एकट्याने, फोटो नाही, आणि टिपणात लिहिलं, 'पाय पिवळसर'. पुस्तक म्हणतं काळे. फोटो नसला की गटात मतदान व्हायचं. तीन बाजूने, तीन विरुद्ध, आणि निर्णायक मत चिटणीसबाईंचं, म्हणजे हिचं. हिने विरुद्ध दिलं. नातं घरी आणि नोंद नोंदीच्या जागी, असा हिचा तोरा. त्या दिवसापासून पक्ष्याच्या दोन पायांपायी सख्ख्या बहीण-भावाचं बोलणं बंद झालं. दादाने दुर्बीण माळ्यावर टाकली ती टाकलीच. "मला खोटं पाडलं, आणि तेही हिने," एवढंच तो अधूनमधून वहिनीजवळ बोलायचा.

सोमवारी वहिनीचा फोन आला. "वन्सं, डॉक्टर म्हणाले, आता घरीच न्या. यायचं तर या आठवड्यात या. मागाहून येऊन काय उपयोग?"

आणि मंगळवारी तळ्यावर भोवऱ्या! याचे पाय पिवळसर निघाले तर? एकाचे असू शकतात, तर दादाने पाहिलेल्याचेही असतील. फोटो घेऊन त्याच्या उशाशी जाऊन म्हणता येईल, चुकले रे. खरं तर 'चुकले' म्हणायला कोणी पुरावा मागत नाही. फोटो नाही म्हणून भाऊ खोटा ठरत नाही, हे तिला मतदानाच्या दुसऱ्याच दिवशी कळलं होतं. पण दुसऱ्यांच्या नोंदी तपासण्यात जन्म गेलेल्या बाईला रिकाम्या हाताने तोंड उघडायची सवयच नव्हती.

भोवऱ्या मात्र पाण्याबाहेर यायचं नाव घेईना. मंगळवार गेला, बुधवार गेला. गुडघे धरले, डोळ्यांना पाणी सुटलं. कारखान्याचा वॉचमन रोज येऊन बघून जायचा.

"बाई, तो पोहतोय मजेत. बुडताय तुम्ही," तो म्हणाला.

ती हसली नाही. एरवी हसली असती.

गुरुवारी सकाळी वहिनीचा निरोप आला: 'कालपासून पाणीसुद्धा नको म्हणतात.' ती फोन खिशात टाकते न टाकते तोच भोवऱ्या काठच्या ओल्या चिखलावर चढला आणि पंख झाडून उभा राहिला. तिने दहा-बारा फोटो घेतले आणि तिथल्या तिथे पडद्यावर मोठे करून पाहिले.

पाय काळे. काळेकुळकुळीत.

आयुष्यात आपण बरोबर ठरल्याचं इतकं दुःख तिला कधी झालं नव्हतं. आता दुसरा भोवऱ्या कुठून आणायचा, आणि दादाजवळ दिवस तरी किती उरलेत? देवा, एकदा, फक्त एकदा मला चुकीची ठरव, असं ती मोठ्याने म्हणाली. भोवऱ्या दचकून उडाला आणि छपरावरून पार दिसेनासा झाला.

ती सरळ कामावर गेली. दातांचे डॉक्टर मापं पाठवत आणि ती कवळ्या करून देई. एका दातात सात छटा असतात, हे तिला झोपेतही सांगता आलं असतं. खोटा दात खऱ्यात मिसळून जावा, यावर तर तिचं पोट होतं. तिने फोटो कॉम्प्युटरवर घेतला. दोन पाय, काडीएवढे. मधे जरा फिकट, सांध्याशी गडद, बोटांकडे पिवळ्यात किंचित हिरवट. वीस मिनिटं लागली. हात एकदाही थरथरला नाही, याचीच तिला नंतर लाज वाटली.

दुपारी ती दादाच्या खोलीत शिरली. नऊ वर्षांनी. पलंगावर माणूस कुठला, नुसती हाडं होती. डोळे तेवढे त्याचेच.

"भोवऱ्या आला होता रे, दादा. माझ्या घरामागे. बघ पाय." तिने फोन त्याच्या हातात दिला.

त्याने बोटांनी फोटो मोठा केला आणि बघतच राहिला. गालांवर जरा रंग चढला. "अगं, ये इकडे," त्याने वहिनीला हाक मारली. "बघ, पिवळे! मी काय सांगत होतो?" वहिनीने पदर डोळ्यांना लावला.

मग त्याने फोटो थोडा वर सरकवला. चिखलावर पाण्याचा पातळ थर होता आणि त्यात भोवऱ्या उलटा उभा होता. तिला ते आत्ता, या क्षणी दिसलं. वरचे दोन पाय तिने रंगवले होते. पाण्यातले दोन काळेच राहिले होते.

दादाचा अंगठा तिथेच थांबला.

"काय झालं हो?" वहिनीने विचारलं.

"काही नाही. छान आलाय." त्याने फोन बहिणीकडे परत दिला. "हा गटाला पाठवू नकोस."

"का? आता तरी कळू दे की त्यांना," वहिनी म्हणाली.

"नको म्हटलं ना. चिटणीस आहे ती. तिचं नाव जाईल." त्याला धाप लागली. "जा, पाणी आण."

वहिनी आत गेली. बहिणीने त्याचा हात धरला. सगळा हात बर्फासारखा गार.

"चुकले रे, दादा."

"केव्हा?" तो म्हणाला. "तेव्हा, की आत्ता?"

"तेव्हा. शपथ, तेव्हाच चुकले. मला तेव्हाच कळलं होतं."

त्याने तिच्याकडे पाहिलं. रागाने नाही. राग असता तर बरं झालं असतं.

"आता तुझं कुठलं खरं धरू गं?" असं म्हणून त्याने डोळे मिटले. वहिनी पाण्याचं भांडं घेऊन आली, ते त्याने घेतलं नाही.