जरा थांबा

लेकीने गाडी वाचनालयाच्या दारात आणली, पण इंजिन बंद केलं नाही.

“बाबा, अजून वेळ गेलेली नाही. तुम्हाला बरं वाटत नाही म्हणून सांगते मी बाईंना.”

“मला ठणठणीत वाटतंय.” बाबांनी सीटचा पट्टा सोडवायला घेतला. तो सुटेना. तिने हात पुढे केला, तसा त्यांनी तो बाजूला सारला आणि खाडकन बटण दाबून पट्टा मोकळा केला. “आणि परवा तू बाईंना फोन केलास, तेही कळलंय मला. भाषणांच्या यादीतून माझं नाव कापायला निघाली होतीस.”

तिने इंजिन बंद केलं. नाव कापायचं तर ते त्यांनीच येऊन सांगावं, असं म्हणून जपानीच्या बाईंनी तिला वाटेला लावलं होतं.

बाबांनी उभी हयात लिफ्ट दुरुस्त केल्या. निवृत्तीनंतर लोक बागेत फिरायला जातात, हे जपानी शिकायला गेले. आई गेल्यावर भिंतींशी बोलत बसण्यापेक्षा हे बरं, असं तेव्हा तिलाही वाटलं होतं. पण अलीकडे मेंदूच्या डॉक्टरांनी तिला बाजूला घेऊन ‘सुरुवात आहे’ असं सांगितलं. ती स्वतः दातांची डॉक्टर. कसली सुरुवात, ते फोड करून सांगावं लागलं नाही. बाबांनी मात्र त्या डॉक्टरलाच वेड्यात काढलं. शब्द अडला की ते खोकत, पाणी मागत, नाहीतर ‘तू मध्येच बोललीस’ म्हणून तिच्यावर ढकलून मोकळे होत. ‘विसरलो’ एवढं काही त्यांच्या तोंडून निघालं नव्हतं. अशा माणसाने भर सभेत पाठ केलेलं भाषण करायचं, तेही परक्या भाषेत? तिला नुसत्या कल्पनेने घाम फुटत होता.

वरच्या सभागृहात जपानी मंडळाचा मेळावा भरला होता. एका टेबलावर कागदाला घड्या घालून पक्षी करणं चाललं होतं. दुसरीकडे लोक शाईत बुडवलेल्या जाड कुंचल्याने, श्वास रोखून, एकेक अक्षर काढत होते. कोपऱ्यात हिरवा चहा घुसळून देत होते. तिने एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. बाबांनी वाटी दोन्ही हातांनी धरली आणि तळ दिसेपर्यंत रिकामी केली.

“आवडतं हे तुम्हाला?”

“मुळीच नाही. पण प्यायची रीत आवडते.”

भाषणं सुरू झाली. बाबांची पाळी आली तेव्हा बाई तिच्या शेजारी येऊन बसल्या आणि हलक्या आवाजात अर्थ सांगू लागल्या. बाबा सांगत होते, की जुन्या लिफ्टच्या यंत्राच्या पेटीत एक पत्रा असायचा. त्यावर परकी अक्षरं. काय लिहिलंय, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. म्हातारपणी वर्गात बसल्यावर एकदाचं वाचता आलं. लिहिलं होतं, ‘हात लावू नका.’ आणि मी जन्मभर त्यालाच हात लावत आलो!

सभागृह खळाळून हसलं. बाबाही हसले. मग हसू ओसरलं, लोक पुढचं ऐकायला सरसावले आणि बाबांचा चेहरा कोरा झाला.

तिने पाण्याची बाटली उचलली. ती अर्धवट उठलीसुद्धा. पण बाईंनी तिच्या मनगटावर हात ठेवला. बाबांनी तिच्याकडे पाहिलं. खोकले नाहीत. माइक नीट धरून, प्रत्येक शब्द सुटा करत ते म्हणाले, “सुमिमासेन. वासुरेमाशिता. चोत्तो मात्ते कुदासाइ.”

सगळे थांबले. कुणी कुजबुजलं नाही, कुणी टाळ्या वाजवून त्यांना सोडवलं नाही. बाबा पाय रोवून उभे होते. पुढचं आठवलंच नाही. तरी वेळ संपल्याची घंटा होईपर्यंत ते मंचावरून हलले नाहीत. मग कमरेत वाकून त्यांनी नमस्कार केला आणि कठड्याला न धरता पायऱ्या उतरले.

“काय म्हणाले ते?” तिने विचारलं.

“माफ करा,” बाई म्हणाल्या. “विसरलो. जरा थांबा.”

बाटली तिच्या हातात तशीच राहिली.

परतताना सिग्नलला गाडी उभी राहिली, तेव्हा काचेतून बाहेर बघत बाबा म्हणाले,

“परवा दुकानातून येताना घर कुठल्या बाजूला, तेच विसरलो होतो मी. बाकड्यावर बसून राहिलो. तुला सांगितलं, मित्र भेटला म्हणून.”

तिने वळून त्यांच्याकडे पाहिलं.

“तिथे बोलून बघितलं. कुणी मेलं नाही. म्हटलं, आपल्या भाषेतही बोलून बघावं.” त्यांनी मान तिच्याकडे वळवली. आवाज पुन्हा करडा झाला. “म्हणून वर्ग सुटेल असं समजू नकोस. एक अक्षर ओळखू येईनासं झालं, तरी जाऊन बसणार मी. बघू कोण उठवतं.”

मागून हॉर्न वाजला. तिने डोळे पुसले आणि गाडी पुढे काढली.

“मंगळवारी मीही येते वर, वर्गात.”

“माझ्यावर लक्ष ठेवायला?”

“शिकायला.”

बाबांनी तिला आपादमस्तक न्याहाळलं, एखादी बिघडलेली लिफ्ट न्याहाळावी तसं.

“मागच्या बाकावर बसायचं,” ते म्हणाले. “नवी माणसं मागे बसतात.”