बोटांना कळलेलं

"ये बाबा, बघ सगळं उलटंपालटं करून," ऑरिन नोफ्झिगर मला फोनवर म्हणाला. "आणि तुझ्या त्या ॲरिझोनावाल्याला सांग, ओहायोतला म्हातारा खोटं बोलत नाही."

ॲरिझोनावाला म्हणजे गिऱ्हाईक. त्याने गाडी फक्त फोटोत पाहिली होती. अशा लोकांसाठी जुन्या गाड्या तपासून देणं हा माझा धंदा. एकोणसत्तर सालची पॉन्टिॲक जीटीओ म्हटलं की भल्याभल्यांची अक्कल गहाण पडते. त्याच घराण्यातल्या साध्या गाडीला जीटीओचे कपडे चढवून विकणारेही म्हणूनच पुष्कळ. बोनेट, चाकं, बिल्ले, सगळं विकत मिळतं. खोटे करायला अवघड असतात ते नंबर. एक काचेखाली डॅशबोर्डवरच्या पट्टीवर, एक इंजिनावर, आणि एक गाडीच्या खालच्या सांगाड्यावर, म्हणजे चॅसीवर, जिथे सहसा कुणाची नजर पोचत नाही. तिन्ही जुळले तर गाडी खरी.

ऑक्टोबरचे शेवटचे दिवस होते. मका कापून झाला होता. ऑरिन शेडच्या पत्र्यावर हात ठेवत ठेवत दारापर्यंत आला. एक्याऐंशी वर्षांचा, उंच, अजून ताठ. दोन वर्षांपूर्वी त्याची नजर गेली होती. कडेकडेचं अंधुक दिसे, समोरचं काहीच नाही. त्याची बायको लव्हॉन अर्धांगाचा झटका आल्यापासून चाकाच्या खुर्चीत होती. चर्चच्या वृद्धाश्रमात दोघांना मिळून एक खोली मिळाली होती. तिथे गाडी कुठली न्यायला?

"रंग कसा दिसतो?" त्याने विचारलं. "खरं सांग हं. मला आता नुसता हिरवा धूर दिसतो."

"गडद हिरवा. सावलीत तर काळाच वाटतो."

"हां. डेलने तीनदा दिला होता. दोनदा खरवडून काढला."

डेल ॲमस्टुट्झ हा त्याचा जिवलग दोस्त. गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कारखान्यात चोवीस वर्षं दोघांची मशीनं शेजारी शेजारी होती. ही गाडी डेलने पेनसिल्व्हेनियात कुणा विधवेकडून आणली, वर्षभर आपल्या शेडमध्ये दुरुस्त केली आणि सत्त्याऐंशीच्या ईस्टरला ऑरिनच्या हातात किल्ली ठेवली. लव्हॉनच्या वडिलांची जमीन विकून आलेलं सगळं ऑरिनने त्या गाडीपायी डेलला दिलं होतं.

"वर्षभर मला शेडमध्ये पाऊल टाकू दिलं नाही त्याने," ऑरिन हसत म्हणाला. "म्हणायचा, नवरी लग्नाआधी बघू नये. दर रविवारी जेवायला आमच्याकडेच. गेला तेव्हा त्याच्या शवपेटीची पुढची कडी मी धरली होती."

मी कामाला लागलो. पट्टीवरचा नंबर जीटीओचाच होता, कागदांशी अक्षर न अक्षर जुळणारा; इंजिनावरचाही त्याच्याशी जुळत होता. पट्टी मात्र दोन रिव्हेटांवर, ठोकून बसवलेल्या खिळ्यांवर, बसलेली असते, आणि कारखान्याच्या रिव्हेटांची डोकी फुलासारखी असतात, सहा पाकळ्यांची. मी काचेवर बॅटरी धरली. डावीकडे फूल होतं. उजवीकडे साधं गोल बटण.

ते कारखान्याचं नव्हतं. तरी म्हटलं, काच बदलताना एखादं निघालं असेल. माणूस असं स्वतःला समजावतोच.

गाडी मागून उचलली आणि खाली शिरलो. डाव्या चाकाजवळच्या चॅसीवर तीस-पस्तीस वर्षांचा डांबरी लेप होता. तारेच्या ब्रशने घासत गेलो, आरसा धरला. एकेक आकडा वर आला. तो वेगळाच नंबर होता. म्हणजे कुठल्यातरी मोडक्या जीटीओची पट्टी आणि कागद, आणि खाली दुसरीच गाडी.

मी पडल्या पडल्या तो नंबर तीनदा वाचला.

बाहेर आलो तर लव्हॉन दारात होती. मांडीवर बटाट्याच्या लगद्यावर घातलेल्या चिकन नूडल्सची ताटली. माझं तोंड बघूनच ती समजली असावी. ऑरिन पलीकडे बाकावर बसला होता. ती हळूच म्हणाली, "गिऱ्हाइकाला काय ते सांग. ह्याला म्हण, गिऱ्हाइकाचाच विचार बदलला. एवढं कर माझ्यासाठी."

मी मान हलवली. खरंच तसंच करणार होतो.

"लव्हॉन, माझे डोळे गेलेत, कान नाही," ऑरिन बाकावरून म्हणाला. "आणि तू रे, मघापासून शीळ घालत होतास. गाडीखाली गेलास आणि बंद झालास. काय सापडलं?"

काही मिनिटं मी टाळाटाळ केली. मग चॅसीचं सांगितलं, रिव्हेटचं सांगितलं. तो चिडला नाही. उठला, गाडीच्या कडेकडेने चाचपडत पुढे आला आणि म्हणाला, "इंजिनावरचा जुळतो ना पण?"

"जुळतो."

"मग? बोनेट उघड. दाखव मला कुठे आहे तो."

मी त्याचा हात धरून इंजिनाच्या पुढच्या बाजूला, नंबराच्या जागी नेला. अडतीस वर्षं लेथवर काढलेला माणूस. केसाएवढा फरक त्याच्या बोटांना कळायचा. त्याने एकदा आकड्यांवरून बोट फिरवलं. मग आकड्यांच्या आजूबाजूने. मग डावीकडून उजवीकडे, अगदी सावकाश, आणि उजव्या टोकाला बोट थांबलं. पुन्हा तिथेच. पुन्हा.

"घासलंय," तो म्हणाला. "जुना नंबर घासून काढलाय आणि नवीन ठोकलाय."

"कदाचित त्या विधवेनेच डेलला फसवलं असेल," मी म्हणालो. "त्यालाही कुठे कळलं असेल?"

"नको रे. नको सांत्वन करू." त्याचं बोट अजून तिथेच होतं. "डेल कानस मारायला लागला की शेवटाला दाबायचा. उजव्या टोकाला दर वेळी खळगा. फोरमन त्याचे तुकडे परत फेकायचा. जेवणाच्या सुट्टीत मी ते सारखे करून द्यायचो, कुणाला न सांगता. वर्षानुवर्षं. हा खळगा मी कुठेही ओळखीन."

लव्हॉन म्हणाली, "ऑरिन, आत चल. जेवण निवतंय."

"तीस-पस्तीस वर्षं पुसतोय मी हिला," तो म्हणाला. "इथे कधी हात लावलाच नाही. कशाला लावू? डेलने दिलेली गाडी."

मग मला म्हणाला, "ती चॅसी कुणाची, हे पोलिसांना कळेल?"

"कळेल बहुतेक."

"मग दे त्यांना नंबर."

"अरे, कोण विचारायला येतंय आता?" लव्हॉन रडायला लागली. "राहू दे शेडमध्ये. कुणाला कळणार आहे?"

"मला कळलंय ना," ऑरिन म्हणाला. त्याने हात विजारीला पुसला, आणि बराच वेळ पुसतच राहिला.

पोलिसांनी गाडी ट्रेलरवर घालून नेली. पुढचं लव्हॉनने मला फोनवर सांगितलं. गाडी पंच्याऐंशी साली टोलेडोतल्या एका नर्सच्या दारातून चोरीला गेली होती. ती नर्स कधीच वारली होती. मागे कुणी नव्हतं. ऑरिनला तिची माफी मागायची होती. ते ऐकून घ्यायलाही कुणी उरलं नाही. वृद्धाश्रमात गेल्यावर तो बोलेनासा झाला. विचारलं तर हो-नाही करायचा. एकदा मात्र त्याने चर्चच्या माणसाला बोलावून विचारलं, की आपली थडग्याची जागा बदलून मिळेल का? दोघा दोस्तांनी तरुणपणी शेजारी शेजारी जागा घेऊन ठेवल्या होत्या. ऑरिन आणि लव्हॉनच्या दगडावर नावंसुद्धा कोरून झाली होती. तो माणूस म्हणाला, मोकळी जागा आता रस्त्याच्या कडेलाच आहे. ऑरिन कबूल होता. लव्हॉन नव्हती. तिचे आईवडील तिथेच मागच्या रांगेत होते.

"पहिल्यांदाच मी त्याचं ऐकलं नाही," ती मला म्हणाली.

मार्चमध्ये तो गेला. मी गेलो होतो; न जाणं जमलं नाही. पंधरा-वीस माणसं, बारीक भुरभुरतं बर्फ. पेटी डेलच्या दगडापासून दोन हातांवर उतरवली. डेलची बायको मार्लीन लव्हॉनच्या खुर्चीमागे उभी राहून रडत होती. सकाळी तिनेच सगळ्यांसाठी स्वयंपाक करून आणला होता. तिला कुणी काही सांगितलेलं नव्हतं.

"आमच्या डेलचा फार जीव होता ह्याच्यावर," ती मला म्हणाली. "आता दोघं जवळजवळ असतील, एवढंच बरं."

मी लव्हॉनकडे पाहिलं. ती समोर बघत होती. तिचा चांगला हात मार्लीनने आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरला होता आणि तिने तो सोडवून घेतला नाही.

परतताना खुर्चीची चाकं ओल्या मातीत रुतली. मी एका बाजूने धरली, मार्लीनने दुसऱ्या. आम्ही दोघांनी मिळून ती रस्त्यापर्यंत ओढत आणली.