आंब्यावरचे हुमले

१९८६ सालच्या नवरात्रात जयंतीला कावीळ झाली आणि डॉक्टरांनी तिला महिनाभर अंथरुणाला खिळवून टाकलं. सव्वीस वर्षं मुलुंडच्या एका शाळेत भूगोल शिकवणारी ही बाई तापातसुद्धा कधी घरी बसली नव्हती. लग्न केलं नव्हतं. धाकटा भाऊ नंदकिशोर आणि त्याची बायको सुहासिनी यांच्याबरोबर ती पहिल्या मजल्यावर राहायची. तिची खाट खिडकीपाशी सरकवली. खिडकीला लागूनच आंब्याची फांदी होती.

नंदकिशोर ऑफिसला, मुलं शाळेत. उसाचा रस, साळीच्या लाह्या आणि ग्लानी. ऑक्टोबरचं ऊन आधीच पिवळं, त्यात तिचे डोळे पिवळे. झोप कुठे संपते आणि जाग कुठे सुरू होते, ते तिला कळेनासं झालं.

रसाच्या पेल्यामुळे मुंग्या आल्या. आधी आल्या त्या बारीक काळ्या, लांब पायांच्या, धांदरट. वाट चुकल्यासारख्या चहूकडे धावायच्या, पण पेल्यापाशी पहिल्या पोचायच्या त्याच. मग तांबड्या यायच्या, एकीमागे एक, सावकाश. समोरून येणारीच्या तोंडाला तोंड लावायचं, काहीतरी सांगायचं, पुढे जायचं. त्या आल्या की काळ्या निमूट वाट सोडायच्या. संध्याकाळी एखादा मुंगळा एकटाच चौकटीवरून फिरून जायचा, शाळा तपासायला आलेल्या साहेबासारखा. जयंती तासन् तास बघत राहायची. डोळे मिटले तरी रांग चालूच असायची.

एकदा सुहासिनी हळदीची वाटी घेऊन आली. "वन्सं, लाइन लागलीय नुसती. टाकते हळद."

"थांब ना गं. आजचा दिवस राहू दे."

सुहासिनी थबकली. पंधरा वर्षांत वन्संनी अशा आवाजात काही मागितलं नव्हतं.

त्याच दुपारी जयंतीला फांदीवर काहीतरी दिसलं. आंब्याच्या दोन पानांच्या मधे तांबूस मुंग्यांची साखळी लोंबत होती. एकीने दुसरीची कंबर धरलेली, दुसरीने तिसरीची. सगळ्या मिळून पान ओढत होत्या. तसूतसूने पानं जवळ आली. मग एक मुंगी तोंडात पांढरी अळी घेऊन आली आणि तिला या काठावर टेकवी, त्या काठावर टेकवी. मागे रेशमासारखा धागा राहत होता.

जयंती घाबरली. आजार डोक्यात गेला की काय?

"सुहासिनी! जरा ये. मला दिसतंय ते तुला दिसतं का, सांग."

सुहासिनी पदराला हात पुसत आली, गजांशी वाकली, आणि तिच्या तोंडून एकदम निघून गेलं, "हुमले गे ते! पानां शिवतत बग!"

आणि तिने जीभ चावली.

"असं बोलत का नाहीस तू कधी?" जयंतीने विचारलं.

"तुम्हीच म्हणाला होतात. लग्नाला महिना झाला नव्हता. म्हणालात, या घरात शुद्ध बोलायचं."

जयंतीला आठवलं. बरोबर ते शब्द आठवले. 

"चुकलंच माझं," ती म्हणाली. "बस इथे. सांग मला, काय करतात हे हुमले?"

सुहासिनी खाटेच्या कडेवर बसली. आधी अवघडून, मग पाय वर घेऊन. त्या अळ्या म्हणजे त्यांची बाळं, धागा त्यांच्याच तोंडातून निघतो, ती म्हणाली. कैऱ्या काढायला चढलं की हे केसांत शिरायचे. तिचे बाबा एका झाडावरून दुसऱ्या झाडावर काथ्या बांधायचे, म्हणजे हुमले त्याच्यावरून जाऊन तिथली कीड खातील. बोलता बोलता ती अर्धी मालवणीत गेली. कुकरच्या शिट्ट्या चुकल्या, भात करपला, तेव्हा दोघी भानावर आल्या.

आठवड्याने सोसायटीचा माळी लहू कोयता घेऊन आंब्याखाली उभा राहिला. सुहासिनी खिडकीत आली.

"राहू दे रे लहू."

"वहिनी, तुम्हीच बोललात ना, मुंग्या घरात येतात, फांदी तोड?"

"बोलले होते. आता नको. घर बांधायला काढलंय त्यांनी."

लहू डोकं खाजवत निघून गेला.

जयंती दिवाळीपर्यंत उठून बसली, हिंडू-फिरू लागली. शाळा सुट्टीनंतरच उघडणार होती. भाऊबीजेच्या संध्याकाळी तिने सुहासिनीला विचारलं, "माहेरी जाऊन किती वर्षं झाली तुला?"

"सात."

"मग जा. पंधरा दिवस राहा. मुलांना ने. घर मी बघते."

"आणि स्वयंपाक?"

"येतो मला."

"नाही येत तुम्हाला, वन्सं."

"नाही येत," जयंती म्हणाली, आणि दोघी हसत सुटल्या. नंदकिशोर पेपरातून डोकं काढून बघत राहिला.

तिसऱ्या दिवशी सकाळी सुहासिनी मुलांना घेऊन गावच्या एसटीला गेली. जाताना तिने डबे दाखवले: मीठ इथे, तूरडाळ तिथे. जयंतीने सगळं ऐकलं आणि त्यातलं निम्मं लगेच विसरली. रिक्षा वळली तरी ती खिडकीत उभी होती. मग तिने पदर खोचला आणि डाळ धुवायला घेतली.