मासोळीच्या दगडाखालचं पाणी

चौपन्न सालच्या आश्विनात पावसानं पाठ फिरवली आणि आमच्या गावात माझा भाव वधारला. मी शाळामास्तर. दर शनिवारी डाकवाला चैतू गोंडपिपरीहून पेपर आणायचा आणि संध्याकाळी पारावर मी त्यातला आठवड्याचा हवामानाचा अंदाज वाचून दाखवायचो. 'हवा कोरडी राहील.' सलग तीन शनिवार हेच. बातमी वाईट होती, पण सगळं गाव माझ्या तोंडाकडे बघायचं, याचं मला सुख होतं. खोटं कशाला बोलू?

धान निसवलं होतं, त्याला शेवटचं एक पाणी हवं होतं. इकडे तळं मासोळीच्या दगडापर्यंत उतरलेलं. तो दगड उघडा पडला की तुडूम, म्हणजे तळ्याची मोरी, बंद करायची. खालचं पाणी मासोळ्यांचं, ही आमच्याकडची जुनी रीत. ते सोडायचं तर तळ्यात मासोळ्या धरणाऱ्या ढिवराचा होकार लागे. त्या वर्षी तळं इस्तारी ढिवराकडे होतं. आषाढात त्यानं आणि त्याच्या बायकोनं, गोकुळानं, नदीवरून मडक्यांत मासोळ्यांची पिल्लं आणून सोडली होती. फाल्गुनात जाळं टाकायचं आणि त्यावर वर्ष काढायचं.

चौथ्या शनिवारी चैतू आलाच नाही. पार भरलेला. "पेपर आला नाही" एवढं म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं? पण मागच्या आठवड्याचा पेपर हाताशी होता आणि जीभ गप्प बसेना. कोरडंच असणार, दुसरं काय असणार, असं मनाशी म्हणत मी तोच वाचला.

सगळे इस्तारीकडे बघू लागले. सोमाजी पाटील मान खाली घालून म्हणाले, "इस्तारी, आमच्यानं तुले म्हनवत नाई."

इस्तारी म्हणाला, "कागदातच कोरडं हाय तं का करता? लोकाइचं धान मरंल आन म्या मासोळ्या राखू का? सोमवारी उघडा तुडूम."

रविवारी दुपारी चैतू आला. त्याला ताप भरला होता. मी पेपर उघडला. 'मंगळवारनंतर पावसाची शक्यता.'

इस्तारीचं घर शाळेपासून हाकेच्या अंतरावर. मी चपला घालून दारापर्यंत गेलो. मग वाटलं, काल काय वाचलं म्हणून लोक विचारतील. आणि शक्यताच तर आहे. मी चपला काढल्या. पेपर पेटीत, हजेरीच्या बुकाखाली ठेवून दिला.

सोमवारी तुडूम उघडलं. मंगळवारी सकाळी इस्तारी आणि गोकुळा गुडघाभर चिखलातून मासोळ्या वेचत होते. फाल्गुनात हातभर झाल्या असत्या, त्या बोटाएवढ्या होत्या. एक टोपलीसुद्धा धड भरली नाही.

बुधवारी पहाटे पाऊस लागला तो दोन दिवस. गाव आनंदलं, धान तरलं. मी शाळेचं दार लावून आत बसलो. पावसाचा आवाज ऐकून मला शरम वाटली ती आयुष्यात तेवढीच एकदा.

शनिवारी तळं काठोकाठ भरलेलं होतं, पण त्यात इस्तारीचं काही नव्हतं. तो सगळ्यांच्या आधी पारावर आला.

"गुरुजी, एक इचारू का जी? तुमच्या पेपरात पानी होतं का?"

"नाही," मी म्हणालो.

"मंग बरं." त्याचा चेहरा हलका झाला. "गोकुळा म्हने, गुरुजीले मालूम असंल. म्या म्हनलो, मालूम असतं तं गुरुजी धावत आले असते."

मग तो नेहमीसारखा पुढे मांडी घालून बसला आणि म्हणाला, "वाचा जी, या हप्त्याचं का म्हनते ते."