जाणाऱ्यांची भिंत

मी परदेशात शिकायला जायचं म्हणतेय हे घरी सांगितलं, तेव्हा कोणीतरी "नको जाऊस" म्हणेल अशी माझी खात्री होती. म्हणजे मला भांडता आलं असतं. भांडताना आपल्याला काय हवंय ते कळतं, निदान मला तरी. पण बाबांनी काच कापता कापता मान वर केली, "जा" म्हणाले आणि पुन्हा काचेकडे वळले. आई म्हणाली, "चांगलंच आहे." झालं, संपला विषय.

आमचं फोटो फ्रेम करायचं दुकान आहे आणि त्याच्याच मागच्या दोन खोल्यांत आम्ही राहतो. घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे कॉलेजचा विषय निघाला की सगळे डॉक्टरसमोर बसल्यासारखे गप्प होतात. "तुला जास्त कळतं," म्हणतात. मला किती कळतं ते माझं मलाच ठाऊक. कॉलेजात परदेशी शिक्षणाचं काम बघणाऱ्या बाई म्हणत, संधी सोडू नकोस. मैत्रीण म्हणे, पाच महिन्यांत तिथली हवासुद्धा मानवत नाही. ग्रंथपाल म्हणाले, आधी पदवी घे, मग बघ. एक ना धड, भाराभर चिंध्या. खर्च कॉलेज करणार होतं, तेव्हा तेही निमित्त हाताशी नव्हतं. शुक्रवारपर्यंत हो किंवा नाही कळवायचं होतं.

घरी मी अगदी स्पष्ट सांगितलं होतं: पाच महिने, मग परत. सगळ्यांनी माना डोलावल्या. आणि दुसऱ्या दिवसापासून माझी आवराआवर सुरू झाली.

आधी माझा पलंग गेला. आमच्याकडे राहणारी धाकटी चुलत बहीण, तिला आम्ही टिचकी म्हणतो, उशी घेऊन आली आणि भिंतीकडची बाजू धरून झोपली. "सवय करतेय," म्हणाली. मग आईने माझे कपडे मावशीकडे पोचवले. त्यातले दोन मी रोज घालत होते. गिऱ्हाइकांच्या फोटोंची मापं घ्यायचं माझं काम बाबांनी शेजारच्या मुलीला शिकवायला घेतलं, तेही माझ्यादेखत, "हिच्यासारखी घाई करू नकोस" असं बजावत. मी अजून रोज दोन्ही वेळा त्याच घरात जेवत होते आणि घर माझ्याविना सुरळीत चाललं होतं. राग आला, पण त्याहून जास्त वाईट वाटलं. इतकी का मी यांना जड झाले होते?

गुरुवारी तर कहरच झाला. दुकानात मागच्या भिंतीवर आमच्या घरच्यांचे फोटो आहेत, पण सगळ्यांचे नाहीत. घर सोडून गेलेल्यांचे तेवढे. बोटीवर नोकरीला गेलेला काका आहे, लग्न करून लांब गेलेली आत्या आहे. घरात राहणाऱ्यांना फ्रेम मिळत नाही. आई तिथे कुठेच नाही. मी कॉलेजातून आले, तर बाबा काकाच्या शेजारी खिळा ठोकत होते आणि टेबलावर माझा फोटो होता, चांगल्या सागवानी चौकटीत.

"मी अजून जायचं नक्की केलेलं नाही," मी म्हणाले.

"बरं," बाबा म्हणाले. फोटो टांगून मागे सरकले आणि सरळ आहे का ते बघू लागले.

मग मात्र माझं डोकं फिरलं. "मी गेलेलीच हवी आहे ना तुम्हाला? मग तसं तोंडावर सांगा. पाच महिन्यांसाठी कोणी पलंग देऊन टाकतं का?"

आई हात पुसत बाहेर आली. टिचकीने टीव्हीचा आवाज बंद केला, नीट ऐकू यावं म्हणून.

"काका दोन वर्षांसाठी गेला होता," आई म्हणाली.

काका माझ्या जन्माआधी गेला. अधूनमधून त्याचा फोन येतो आणि दर वेळी तो पुढच्या वर्षी येणार असतो.

"तुझी आजी त्याचं अंथरूण रोज झटकायची," बाबा म्हणाले. "शर्ट इस्त्री करून ठेवायची. शेवटपर्यंत. तिचं ते बघून आम्ही दोघांनी ठरवलं, या घरातून कोणी निघालं की ते गेलं असं धरायचं. आलं तर आनंदच आहे. पण वाट बघत बसायचं नाही."

"म्हणजे तुम्ही मला कायमची पाठवत होता?"

"हो."

"आणि तरी जा म्हणालात?"

"मग काय, नको म्हणायचं?" आई म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते.

मला लाज वाटली, रडू आलं, आणि गंमत म्हणजे रागही गेला नाही. "मी काका नाही," मी म्हणाले. "मी परत येणार आहे."

"नक्की?" बाबांनी विचारलं. माझ्या शिक्षणाबद्दल त्यांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न.

हो म्हणायला मी तोंड उघडलं. पण आवडलं तर तिथेच पुढे शिकता येतं, असं बाई एकदा सहज म्हणाल्या होत्या. ते मी घरी सांगितलं नव्हतं. खरं तर मी स्वतःशीही ते बोलले नव्हते. मी भिंतीवरचा माझा फोटो उगाच सरळ केला.

"काकाही खोटं बोलला नव्हता," बाबा म्हणाले. "निघताना त्यालाही माहीत नव्हतं."

शुक्रवारी मी कॉलेजात जाऊन हो सांगितलं. बाईंनी अभिनंदन केलं आणि विचारलं, घरच्यांची समजूत घालायला फार त्रास झाला का. मी नाही म्हणाले. त्यांची समजूत त्यांनीच घातली होती. माझी कोण घालणार, ते मात्र मला कळत नव्हतं.